डावीकडे भरती, उजवीकडे ओहोटी: बंदराच्या चित्राची बखर

श्री. प्रथम नमन विघ्नहर्त्यास, दुसरे समुद्रास, तिसरे त्या खिळ्यास की जो होडीच्या तळाशी राहोन कोणास दिसत नाही परंतु निघाल्यास सर्वांस कळतो, आणि चौथे नमन वाचणारास, की त्याने हा लेख बसोन वाचावा, जांभई आल्यास तोंडावर हात धरावा आणि शेवटास पोहोचल्याविना कोणास खोटे म्हणू नये. शके सत्राशे छत्तीस, भावनाम संवत्सरे, पौष शुद्ध पौर्णिमेस एक चित्र जाहले, आणि त्या चित्रापायी पुढे तीन मासांनी एक बंदर जावयाचे ते राहिले, ती हकीकत येणेप्रमाणे. बंदर कोणत्या राज्याचे ते लिहीत नाही. राज्य लहान होते, नाव लिहिले तर कागदात मावेल, परंतु तेथील कारभारी चौकस, ते कागद मागवितील.

बंदराची पूर्वपीठिका ऐसी की, मूळ येथे समुद्र होता आणि काठी खडक होता आणि दोघांचे बरे चालले होते. मग अरब सौदागर घोडे घेवोन आले, त्यातील एक घोडा पाण्यास ऐसा भ्याला की तो परत गलबतावर चढेना आणि गावातही जाईना, पुळणीवर बारा वर्षे उभा राहिला, आणि लोक त्यावरोन वाट सांगू लागले की घोड्यापासोन डावीकडे. मग फिरंगी आले, त्यांनी किल्ला बांधावयास घेतला, एक भिंत बांधिली, आणि जेवोन येतो म्हणोन गेले ते गोव्यासच राहिले. मग वलंदेज आले, त्यांनी नांगर टाकिला, तो चिखलात ऐसा रुतला की चाळीस मनुष्ये ओढिता निघेना, तेव्हा दोर कापोन ते निघोन गेले आणि त्या नांगरास गावच्या पाटलाची म्हैस बांधू लागले. विलायती नांगरास बांधिलेली म्हैस पंचक्रोशीत दुसरी नव्हती आणि हे म्हशीस ठाऊक होते. मग खुद्द राज्याचे आरमार जाहले, त्यात गलबते चार, पैकी तरंगती तीन. या आरमाराने लढाई एकच केली. शत्रू चालोन आला, तोफा भरल्या, बत्ती लावणार तो ओहोटी लागली आणि दोन्ही आरमारे चिखलात बसली आणि तोफांची तोंडे आभाळाकडे जाहली. मग शत्रूचा सरदार गुडघाभर चिखलातून चालत आला आणि म्हणाला, "तुमच्याकडे मीठ आहे काय, आमचे भिजले." मीठ दिले, मग कांदा दिला, मग दोन्हीकडील लोक एके ठायी जेवले, आणि पाणी परत आले तो कोणास लढावेसे वाटेना. ही लढाई राज्याने जिंकिली ऐसे धरितात, कारण मीठ आपले होते. ओहोटीची घटका साधोन शत्रूस उथळात आणिला तो बंदरचा तांडेल. त्यास तेव्हाचे महाराजांनी बक्षीस दिले की, बंदराकाठचा कोळीवाडा तुझे वंशाचा, आणि नारळी पौर्णिमेचा पहिला नारळ तुझे हाते समुद्रास जाईल, बंदर सरकारचे आहे तोपावेतो. हे शेवटले वाक्य ध्यानी ठेवावे.

त्या तांडेलाचा पणतू धाकू तांडेल. मनुष्य उंच, बोलणे थोडे, समुद्रास ओळखणारा ऐसा की डोळे मिटोन पाण्याचा आवाज ऐके आणि तिथी सांगे. त्याची बायको पोसाय. तीही समुद्रास ओळखे, परंतु तिचे बोलणे थोडे नव्हते.

ऐसे असता बंदरावर टोपीकरांची दृष्टी पडली. टोपीकरांची रीत ऐसी की ज्यावर दृष्टी पडे त्याचे प्रथम चित्र काढीत आणि मग ते घेत. त्यांनी विल्मट साहेब नामे चितारी पाठविला. साहेब वर्षभर धाकू तांडेलाच्या ओटीवर उतरले, पोसायच्या हातचे कालवण जेवले, आणि तिचेजवळ व बाजारच्या कोळिणींजवळ बसोन मराठी शिकले. तेणेकरोन त्यांची मराठी अस्खलित जाहली, परंतु सगळी मासळीबाजारची जाहली. ते कोणासही प्रेमाने 'मेल्या' म्हणत, आणि त्यांचे अंतःकरण निर्मळ असल्यामुळे कोणी त्यांस सुधारिले नाही.

मग पौष पौर्णिमेस माध्यान्ही साहेबांनी टेकडीवर चौरंग मांडिला. कागद दोन हात लांब, मागे कापड चिकटविलेले, दोन्ही टोकांस काठ्या, आणि रंग पाण्याचे. या रंगाची जात ऐसी की ओला असता त्यावर हात फिरू नये आणि वाळल्यावर तो पुसता येत नाही. म्हणोन साहेबांनी डावीकडोन आरंभ केला आणि रंग वाळेल तैसे उजवीकडे सरकत चालले. धाकू तांडेलास छत्री धरोन उभा केला. पौर्णिमा असल्यामुळे माध्यान्ही भरती पुरी, पाणी धक्क्यास टेकलेले, होड्या डुलत होत्या. त्या साहेबांनी डावीकडे काढिल्या. मग ओहोटी लागली. धाकू तांडेल म्हणाला, "सायबा, समुद्र चालला."

साहेब मान वर न करिता म्हणाले, "जाऊ दे मेल्या, येतो परत. तू हलू नको, तुझी सावली हलते."

मग धाकू हलला नाही आणि बोललाही नाही. साहेब रंगवीत राहिले, सूर्य कलत राहिला, पाणी जात राहिले, आणि पंधरा घटकांनी, म्हणजे सूर्य समुद्रास लागता, कागद उजव्या टोकास पोहोचला, तेथे चिखल निघाला होता, त्यात मचवे कुशीवर पडले होते, तेही साहेबांनी हुबेहूब काढिले. मग साहेब म्हणाले, "झालं. कसं हाय?" धाकू म्हणाला, "रंग चांगला हाय." हे खरेच होते.

मग चित्र दरबारी आणिले. या दरबारी रीत ऐसी की लांब कागद एकदम उलगडू नये. पूर्वी एका महाराजांनी समुद्राचे गच्चीवर एक तह एकदम उलगडिला, तो वाऱ्याने नेला, आणि महाराज कागदाचे मागे व कारभारी महाराजांचे मागे ऐसे तिघेही बंदरावरोन पळत गेले हे रयतेने पाहिले. तेव्हापासोन नियम जाहला की कागद वीतभर उलगडावा, पाहावा, एकीकडे गुंडाळावा आणि मग पुढील वीत उलगडावी. त्याप्रमाणे चित्र पाहिले. समुद्राकडे कोणी पाहिले नाही, जो तो आपणास शोधीत होता. किल्लेदार म्हणाले आमचा घोडा दिसत नाही, पुरोहित म्हणाले देवळाचा कळस लहान जाहला, आणि महाराज म्हणाले, "यात आम्ही कोठे?" साहेबांनी शेवटले वितीत पाहिले, बुरुजावर पांढरा ठिपका होता, त्यावर बोट ठेवोन म्हणाले, "ह्यो काय मेल्या, तू."

चिंतोपंत कारभारी यांनी डोळे मिटिले. परंतु महाराज ठिपक्याकडे बहुत वेळ पाहोन म्हणाले, "उभे राहण्याची ढब आमचीच." वास्तविक तो ठिपका बुरुजावर चरणारी शेळी होती. ही गोष्ट साहेबांनी पोसायला मागाहून सांगितली, पोसायने कोणास सांगितली नाही, आणि येथे लिहिली आहे ती वाचोन विसरावी.

त्याच मासी टोपीकरांशी तह जाहला. तहास बंदराचा नकाशा जोडावयाचा होता, परंतु टोपीकरांचा नकाशेवाला सुके बोंबील आवडीने आणि प्रमाणाबाहेर खावोन आडवा पडला, तेव्हा नकाशाचे ठायी हे चित्रच जोडिले आणि कलम लिहिले की, बंदर या चित्राबरहुकूम असेल तर सरकारचे. तीन मासांनी टोपीकरांचा मनुष्य येवोन ताडून पाहील, तफावत निघाल्यास बंदर टोपीकरांचे, आणि कोळीवाडा उठवोन खाडीपलीकडे जाईल. चिंतोपंत म्हणाले, "बंदर बंदरासारखे नसेल तर कशासारखे असेल," आणि हसत मुद्रा उमटविली, आणि चित्र गुंडाळोन नळकांड्यात घालोन दफ्तरी ठेविले.

मग चैत्र लागला, शके सत्राशे सदतीस, युवानाम संवत्सर जाहले, आणि पत्र आले की टोपीकरांचे कप्तान टॉलमन साहेब येत आहेत. चिंतोपंतांनी नळकांडे काढिले, तो चित्रास दमट वास आला, म्हणोन ते उन्हात वाळवावयास चौकात सगळे पसरिले आणि चार कोपऱ्यांस चार गोटे ठेविले. दरबारातील कोणी ते चित्र एकदम सगळे पाहावे ऐसे प्रथमच घडले. चिंतोपंतांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, परत डावीकडे पाहिले, आणि मग खाली बसले.

धाकू तांडेलास बोलाविले. त्याचे मागोमाग पोसाय आली, तीस बोलाविले नव्हते. विल्मट साहेबही आले. चिंतोपंत म्हणाले, "तांडेल, हे काय आहे?"

धाकू म्हणाला, "बंदर."

"बंदर मलाही दिसते. डावीकडे समुद्र भरलेला आहे आणि उजवीकडे आटलेला आहे. मध्ये भिंत आहे काय?"

"नाय."

"मग एकच समुद्र एके वेळी दोन प्रकारचा कसा?"

पोसाय म्हणाली, "काय वो, तुमी छत्री धरून हुबे होतात ना? पंधरा घटका? तोंडात काय धरलं होतं?"

"मी सांगितलं. एकदा."

"एकदा. मला मीठ जास्त झालं तर दहादा सांगता."

विल्मट साहेब लाजोन म्हणाले, "पोसाय, त्याला बोलू नको, चूक माझी हाय." पोसाय म्हणाली, "तुमाला पण बोलणार हाय, पाळी येऊ द्या."

मग चित्र बारकाईने पाहिले तो तफावती आणीक निघाल्या. समुद्रकाठचा बुरूज सरकारने गेल्या वर्षी नवा बांधिला, चुनाही पुरता वाळला नव्हता, तो चित्रात पडका, आणि त्यावर पिंपळ उगवलेला. चिंतोपंतांनी कारण पुसिले. साहेब म्हणाले, "आमच्या मुलखात पडका बुरूज नसला तर चित्र कोण बघत नाय." आणि डावीकडे एक तीन डोलकाठ्यांचे थोरले जहाज काढिले होते, ऐसे जहाज या बंदरी कधी आले नव्हते. साहेब म्हणाले, "तिथं आभाळ मोकळं मोकळं वाटत होतं."

चिंतोपंतांनी कपाळास हात लाविला आणि म्हणाले, "म्हणजे आभाळ भरावयास तुम्ही जहाज घातले, आणि ते भरावयास आता आमचे बंदर जाणार."

धाकू तांडेल चित्राजवळ उकिडवा बसला. उजव्या कोपऱ्यास कोळीवाडा होता, त्याची झोपडी होती, दाराशी जाळे वाळत होते, आणि जाळ्यात जेथे भोक होते तेथे साहेबांनी भोकही काढिले होते. धाकू म्हणाला, "खाडीपलीकडं पाणी उलटं वाहतं, पंत. तिथला समुद्र माझ्या ओळखीचा नाय. मी तिथं नारळ कोणाला देऊ?" इतके मोठे बोलणे त्याने लग्नानंतर प्रथमच केले, आणि पोसाय गप्प जाहली, तेणेकरोन सर्वांस प्रसंग कळला.

मग महाराजांनी मसलत भरविली. महाराज म्हणाले, चित्र पुसता येत नसेल तर बंदर पुसावे. आज्ञा जाहली आणि नवा बुरूज पाडावयास घेतला. तो मजबूत बांधिला होता, पाडता पाडता गवंडी दमले, आणि ज्या गवंड्याने बांधिला तोच पाडीत असल्यामुळे तो दर दगडास म्हणे, "पाहा, कैसा बसविला आहे." पिंपळ कुंडीत लावोन वर नेला. मग तीन मचवे एकत्र बांधोन त्यावर बांबू, शिडाची जुनी कापडे आणि तट्ट्या उभ्या करोन थोरले जहाज केले. ते पुढोन जहाज आणि मागोन मांडव ऐसे होते. चित्रात एक मनुष्य धक्क्यावर निजलेला होता, त्याचा शोध घेतला तो कळले की तो मध्यंतरी सुधारोन सरकारी चाकरीत लागला, तेव्हा त्यास एक दिवसाची रजा देवोन निजण्याचा हुकूम दिला. आणि ठिपक्याचे ठायी महाराज स्वतः उभे राहणार ऐसे ठरले, कारण ते काम अन्य कोणास जमते ना. राहता राहिला समुद्र. किल्लेदार म्हणाले मध्ये बांध घालावा. पुरोहित म्हणाले अर्ध्या समुद्रास शांत करावे आणि अर्ध्यास अनुष्ठान करावे, दक्षिणा मात्र पुरी. चिंतोपंतांनी समुद्रास हुकूमनामा लिहिला आणि पुसिले की हा घेवोन कोण जाईल.

पोसाय दाराशी मासळीची पाटी घेवोन उभी होती. ती म्हणाली, "पंत, रागवू नका, एक विचारते. ह्या चित्रात मी दोनदा हाय, ते कोणी बघितलं का?"

सर्वांनी पाहिले. डावीकडे भरतीचे काठी एक बाई रिकामी पाटी घेवोन उतरत होती, हिरवे लुगडे. उजवीकडे ओहोटीचे काठी एक बाई भरली पाटी घेवोन चढत होती, तेच लुगडे.

पोसाय म्हणाली, "ही पण मी, ही पण मी. इथून तिथं जायला मला पंधरा घटका लागल्या. मग त्या कप्तानाला बघायला तेवढ्याच लागू द्या की. तुमी वीतवीत उलगडता ना? सावकाश उलगडा. डावी वीत भरतीला दाखवा, उजवी वीत ओहोटीला. समुद्राला कशाला सांगता, तो आपणहून हुकूम पाळतो."

चिंतोपंतांनी समुद्राचा हुकूमनामा हळूच फाडिला. धाकू म्हणाला, "पण पौर्णिमाच पाहिजे. पौर्णिमेलाच दुपारी भरती आणि सांजेला ओहोटी."

आणि कप्तान टॉलमन साहेब उतरले अष्टमीस.

साहेब वृद्ध, पांढऱ्या मिशा, तीस वर्षे दर्यात काढिलेली, तोंडात चिलीम आणि हातात दुर्बीण. त्यांस मराठी येत नव्हती, म्हणोन विल्मट साहेब दुभाषी जाहले. कप्तान म्हणाले आताच पाहू. चिंतोपंतांनी कळविले की, पाहुण्याचे स्वागत हत्तीवरोन केल्याविना दफ्तर उघडत नाही. कप्तान म्हणाले हत्ती आणा. कळविले की हत्ती राज्यात नाही, मागविला आहे. मग सात दिवस सर्वजण हत्तीची वाट पाहत बसले. कप्तान रोज पुसत की हत्ती कोठवर आला, आणि रोज उत्तर जाई की निघाला आहे. मग पौर्णिमेचे सकाळी पाटलाचे म्हशीस झूल घालोन, शिंगांस पितळी टोपणे लावोन, हत्तीचे जागी हंगामी नेमिली. कप्तानांनी म्हशीस प्रदक्षिणा केली आणि काही बोलले. विल्मट साहेब मराठीत म्हणाले, "कप्तान विचारतात, हत्तीची सोंड कुठं हाय?" चिंतोपंत म्हणाले, "सांगावे की मागाहून येत आहे." म्हैस मात्र ऐसी चालली की जन्मभर हेच काम केले असावे.

मग माध्यान्ही टेकडीवर गादी घातली, भरती पुरी जाहली, आणि चिंतोपंतांनी पहिली वीत उलगडिली. चित्रात भरले पाणी, समोर भरले पाणी. चित्रात जहाज, समोर जहाज. पोसाय रिकामी पाटी घेवोन धक्का उतरली. कप्तानांनी दुर्बिणीतून पाहिले आणि मान हलविली. मग विडा जाहला, मग अत्तर, मग जेवण, त्यात पापलेट, कोळंबी, तिसऱ्या आणि सोलकढी, आणि दर पदार्थास आग्रह. मग दुसरी वीत. पाणी हातभर उतरले होते, चित्रातही उतरले होते. मग दरबारी गवई बसला, त्यास सांगितले होते की सावकाश गावे, तो मुळीचाच सावकाश, त्याने एका ओळीत सूर्य चार हात खाली आणिला. मग तिसरी वीत, निजलेला मनुष्य. तो हुकमाप्रमाणे घोरत होता, चित्रात घोरणे नव्हते, परंतु त्यास हरकत निघाली नाही. ऐसे करिता करिता सांज जाहली, ओहोटी पुरी जाहली, मचवे कुशीवर पडले, आणि शेवटली वीत उलगडिली. पडका बुरूज, बरोबर. चिखल, बरोबर. कोळीवाडा, जाळे, जाळ्यातील भोक, बरोबर. कप्तानांनी दुर्बीण बुरुजावर लाविली आणि समाधानाने काही म्हणाले. चिंतोपंतांनी पुसिले काय म्हणतात. विल्मट साहेब म्हणाले, "म्हणतात, सगळं जागेवर हाय." वास्तविक कप्तान म्हणाले होते की शेळीसुद्धा जागेवर आहे.

इतक्यात पोसाय भरली पाटी डोईवर घेवोन चढण चढू लागली. कप्तानांनी चित्रातील बाई पाहिली, समोरील बाई पाहिली, हिरवे लुगडे पाहिले, चिलीम तोंडातून काढिली आणि म्हणाले, "पहिली वीत परत उघडा."

चिंतोपंत म्हणाले की गुंडाळिलेली वीत परत उघडावयाची रीत नाही. कप्तान म्हणाले, "उघडा." उघडिली. चित्रात भरती, डोलणाऱ्या होड्या, थोरले जहाज. कप्तान उभे राहिले आणि डावीकडे पाहिले. तेथे आता पाणी नव्हते. थोरले जहाज चिखलात आडवे पडले होते, त्याचे बांबू उघडे पडले होते, आणि हंगामी हत्ती जहाजाचे मागील तट्ट्या खात होता.

गवई तेवढा गात होता, त्यास कोणीतरी थांबविले. मग कप्तानांनी पुसिले की हे सर्व कोणी योजिले. धाकू तांडेल पुढे जाहला. पोसाय पाटीसकट त्याचे बाजूस येवोन उभी राहिली. धाकू म्हणाला, "सायब, चूक माझी. सायबानं चित्र काढलं तेव्हा छत्री मी धरली होती. समुद्र चालला ते मला दिसत होतं. मी एकदाच बोललो, दोनदा बोलायला पाहिजे होतं. जहाज बांबूचं हाय. बुरूज आमी पाडला. पण भरती खरी होती आणि ओहोटी पण खरी हाय. तुमी तीस वर्षं दर्यात हाय म्हणतात. समुद्र एका जागी हुबा राहिलेला कधी बघितला काय?"

विल्मट साहेबांनी शब्दास शब्द उलटोन सांगितले, आणि आपल्याकडोन जोडिले की, "आणि ते जहाज चित्रात पण खोटंच हाय, मी आभाळ भरायला घातलं." हे त्यांनी चुकोन मराठीत सांगितले, मग परत आपल्या भाषेत सांगितले.

कप्तानांनी मिशीवरोन हात फिरविला. चित्र परत डावीकडोन उजवीकडे पाहिले, या वेळी सगळे एकदम, आणि सावल्या पाहिल्या, डावीकडे पायाखाली आणि उजवीकडे लांब. आणि विल्मट साहेबांस म्हणाले, "तू भरतीपासोन ओहोटीपावेतो एकदाही उठला नाहीस?"

"नाही."

"जेवलासही नाहीस?"

"पोसायनं भाकरी आणून दिली, एका हातानं खाल्ली."

कप्तान म्हणाले, "मी आजवर बंदरांची चित्रे शेकडो पाहिली. सगळ्यांत समुद्र फरशीसारखा पडलेला असतो. हे पहिलेच पाहिले की ज्यात पाणी निघोन जाते. जहाज चित्रात खोटे आणि बंदरातही खोटे, म्हणजे जुळले. भरती चित्रात खरी आणि बंदरातही खरी, म्हणजे तेही जुळले. ज्यांनी मला पाठविले ते समुद्रापासोन चारशे कोसांवर खुर्चीत बसतात, त्यांस ओहोटी म्हणजे काय हे मी तीस वर्षे सांगतो आहे." मग दौत मागविली आणि तहाचे कागदावर आपल्या हाते शेरा लिहिला, तो ऐसा: बंदर चित्राबरहुकूम आहे. पाहणाराने घाई करू नये.

मग खाली आणीक एक ओळ लिहिली की, पुढे जो कोणी तपासावयास येईल त्याने पंधरा घटका बसोनच तपासावे, व मध्ये जेवावे. आणि सही केली. धाकू तांडेल चिखलात उतरला, आणि पाण्याची जेथे कड होती तेथपर्यंत चालत गेला आणि हात बुडवोन परत आला. पोसाय म्हणाली, "काय सांगून आलात त्याला?" धाकू म्हणाला, "आपण हितंच हाय म्हणून." पोसाय म्हणाली, "एकदाच सांगितलं असंल." मग दोघे घरी गेली.

अर्ध्या वाटेवर पोसायस काही आठवले आणि ती पाटी खाली ठेवोन बुरुजाकडे वळली. महाराज माध्यान्हीपासोन ठिपक्याचे ठायी उभे होते, पाहणी संपली हे त्यांस कोणी कळविले नव्हते, आणि त्यांनी ढब सोडिली नव्हती. पोसाय खालोन म्हणाली, "महाराज, उतरा आता, झालं सगळं. बंदर राहिलं."

महाराज मान न हलविता म्हणाले, "कप्तानांस आम्ही दिसलो काय?"

पोसाय म्हणाली, "दिसलात तर. तुमाला बघूनच पक्कं झालं म्हणाले."

महाराज बहुत संतोष पावले.

एवं हकीकत. कप्तान टॉलमन यांस निरोपाचे वेळी सुके बोंबील दिले, ते त्यांनी प्रमाणात खाल्ले. विल्मट साहेब आणीक दोन वर्षे राहिले, मराठी सुधारली नाही. त्यानंतर तपासणारे पाच आले, पाचही जेवोन तिसरे वितीस निजले, आणि पाचांनीही बरोबर आहे ऐसे लिहिले. नवा बुरूज परत बांधिला नाही, कारण चित्रात पडका आहे. कुंडीतला पिंपळ मात्र दगडात उतरला आणि खराच वाढला. त्याचे सावलीस दर पौर्णिमेस एक पांढरी शेळी चरते, तिला कोणी हाकलीत नाही, लोक तिला मुजरा करितात, आणि महाराजांनी याचे कारण कधी पुसिले नाही. समुद्र आहे तेथेच आहे, म्हणजे दोन वेळा येतो आणि दोन वेळा जातो. इति लेखन सीमा.